मृतांचा निरोप, फटकळ जिभेने

१९४१ सालच्या जुलै महिन्याच्या दुसऱ्या तारखेस लंडनच्या पिकॅडिली थिएटरात एका नव्या नाटकाचा प्रयोग पाहावयास जे लोक आले, त्यांना नाट्यगृहाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी नुकत्याच झालेल्या हवाई हल्ल्यातील ढिगाऱ्यावर टाकलेल्या फळ्यांवरून चालत यावे लागले. आणि असा तोल सांभाळीत आत येऊन बसल्यावर त्यांच्यापुढे जे नाटक सुरू झाले, ते मरणाविषयीचे होते आणि पहिल्या अंकापासून अखेरच्या पडद्यापर्यंत हसवणारे होते. नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइद स्पिरिट’ची ही हकीकत त्याने स्वतःच नमूद करून ठेवली आहे. ज्या शहरात गल्लोगल्ली कोणाचे ना कोणाचे माणूस बाँबखाली गेलेले होते, तेथे मेलेली पहिली बायको घरात परतते आणि नवऱ्याचा दुसरा संसार उधळून लावते अशा कथानकावर लोक मनमोकळे हसले. ग्रॅहम ग्रीनसारख्या लेखकास त्यात अभिरुचीचा अपराध दिसला. पण प्रेक्षकांनी आपला फैसला तिकीटखिडकीवर दिला, आणि त्या नाटकाचे लंडनमध्ये १,९९७ प्रयोग झाले.

हे आज आठवण्याचे कारण असे की, गेले काही महिने माझ्या मेजावर अशाच एका नाटकाचा मसुदा आहे. त्याची नायिका रंगमंचावर उभी राहून तिकीट काढून आलेल्या लोकांना त्यांच्या मृत आप्तांचे निरोप सांगते आणि स्वभावाने कमालीची फटकळ आहे. ब्लॅक कॉमेडी म्हणजे ज्या गोष्टीपुढे माणसाने मान खाली घालावी त्याच गोष्टीवर त्याला हसू फुटावे, आणि हसून झाल्यावर ती गोष्ट पूर्वीपेक्षा अधिक जवळ आलेली आहे असे त्याच्या ध्यानात यावे, अशी रचना. असे नाटक लिहिताना कशाकशाचा विचार करावा लागतो, हे सामान्य वाचकापुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कॉवर्डने आपले नाटक सहा दिवसांत लिहिले, ही गोष्ट नवोदित लेखकांना नेहमी सांगितली जाते. लंडनचे घर बाँबहल्ल्यात नादुरुस्त झाल्यावर १९४१ च्या मे महिन्यात तो वेल्समधील पोर्टमेरियन या समुद्रकाठच्या गावी गेला, तेथे रोज ठराविक वेळ टंकलेखन यंत्रापुढे बसला, आणि आठवड्याच्या आत तीन अंक पुरे करून परतला. त्या संहितेतील जेमतेम दोन वाक्ये पुढे गाळली गेली. मला या वेगापेक्षा नाटकाच्या आरंभीची एक योजना अधिक शिकवणारी वाटते. नायक चार्ल्स काँडोमाइन हा कादंबरीकार आहे. त्याला एका लबाड आणि खुनशी मिडियमवर कादंबरी लिहावयाची आहे, आणि त्या धंद्यातल्या युक्त्या व बोली टिपून घेता याव्यात म्हणून तो मादाम आर्काती नावाच्या बाईला घरी जेवावयास बोलावून तिच्याकडून प्लँचेटची बैठक करवितो. म्हणजे ज्याला धंद्याची भाषा हवी होती त्याच्या पदरात धंदाच पडतो. मृतांच्या धंद्याकडे केवळ मौजेखातर पाहणाऱ्या लेखकास कॉवर्डने याहून स्पष्ट ताकीद दिली असती असे वाटत नाही.

मादाम आर्काती ही मात्र लबाड नाही, आणि हीच नाटकाची किल्ली होय. ती सायकलवरून येते, भरपेट जेवते, हॉकीच्या मैदानावरील मुलींच्या पुढारणीसारखी खणखणीत बोलते, आणि आपल्या विद्येविषयी तिच्या मनात तिळमात्र संशय नसतो. मार्गारेट रदरफोर्ड या थोर नटीने ही भूमिका रंगभूमीवर आणि नंतर १९४५ साली डेव्हिड लीनच्या चित्रपटातही केली. ती कोठेही प्रेक्षकांकडे डोळा घालीत नाही, ‘पाहा, ही बाई कशी वेडगळ आहे’ असे सुचवीत नाही. विनोदी पात्राने स्वतःला विनोदी समजू नये, हा नियम सर्वश्रुत आहे. परंतु ज्या नाटकात मृत्यू हा विषय आहे तेथे तो नियम शिष्टाचाराच्या पदवीस पोहोचतो, कारण पात्र जर स्वतःवर हसले, तर त्याच्यापुढे दुःख घेऊन बसलेल्या माणसाचाही त्याने उपहास केल्यासारखे होते.

आता फटकळपणाविषयी. रंगमंचावरून मृतांशी बोलणाऱ्यांची भाषा ही स्वभावतःच लोण्यासारखी मऊ असते. ‘ते तुमच्या पाठीशी आहेत’, ‘त्यांना कसलाही क्लेश नाही’, ‘त्यांनी तुम्हांस क्षमा केली आहे’ अशी तिची ठराविक नाणी असतात. ही मृदुता केवळ दयेपोटी आलेली नाही. तो त्या धंद्याचा पाया आहे. संदिग्ध आणि सुखद विधान ऐकणाऱ्याला आपल्या मापाचे करून घेता येते, स्पष्ट आणि कडू विधान तसे करून घेता येत नाही. म्हणून फटकळ मिडियम ही धंद्याच्या मुळावर येणारी व्यक्ती आहे: तिने एक रोखठोक वाक्य उच्चारले की ते खरे तरी ठरते नाहीतर खोटे तरी, मधली सोयीची जागा उरत नाही. असे पात्र नाटककाराला का हवेसे वाटते, हे समजण्यासाठी प्रथम त्या मधल्या जागेचा व्यवहार कसा चालतो हे पाहिले पाहिजे.

१९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते आपणास कितपत लागू पडते याला शून्य ते पाच असे गुण द्यावयाचे होते. वर्गाची सरासरी ४.२६ आली, आणि मग सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, तोही वृत्तपत्रांच्या दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला, हे उघड झाले. तुम्ही बाहेरून संयमी दिसता पण आतून चिंताक्रांत असता, कधी मनमिळाऊ असता तर कधी एकांतप्रिय, असे म्हटल्यावर मान न हलवणारा मनुष्य विरळा. रंगमंचावरील कसबी माणूस याच पायावर पुढचे मजले चढवितो. ‘मला ज या अक्षराचे नाव ऐकू येते आहे’ असे तो पाचशे माणसांच्या प्रेक्षागृहात म्हणतो, आणि पाचशे माणसांत असे नाव असलेला मृत मनुष्य कोणाचा ना कोणाचा असतोच. हात वर होतो, चेहरा बोलू लागतो, आणि पुढची सारी माहिती ऐकणारा स्वतःच पुरवितो व ती आपणास सांगितली गेली अशी आठवण घेऊन घरी जातो. याला त्या व्यवसायात कोल्ड रीडिंग म्हणतात. माहिती आधीच गुपचूप मिळविलेली असली तर ते हॉट रीडिंग. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगाराने अमेरिकेतील एका आजार बरे करणाऱ्या धर्मोपदेशकाच्या कानातील यंत्राकडे येणारे संदेश ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर पकडले, तेव्हा ईश्वराचा म्हणून सांगितला जाणारा आवाज त्याच्या पत्नीचा निघाला, आणि ती भाविकांनी भरून दिलेल्या चिठ्ठ्या वाचून दाखवीत होती.

या सर्व युक्त्यांत मला नाट्यदृष्ट्या सर्वांत समृद्ध वाटते ती बंद लिफाफ्यांची. प्रेक्षक आपले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून लिफाफे चिकटवून देतात. मिडियम एक लिफाफा न उघडता कपाळाशी धरते, आतील प्रश्न बिनचूक सांगते, प्रेक्षकांतील कोणी ‘होय, तो माझाच’ म्हणून उभे राहते, आणि मग खातरजमा म्हणून ती लिफाफा फोडून चिठ्ठीवर नजर टाकते. मेख अशी की, पहिला उभा राहणारा मनुष्य तिचाच हस्तक असतो. त्याचा प्रश्न अगोदर ठरलेला असतो आणि त्याचा लिफाफा गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलेला असतो. खातरजमेच्या मिषाने ती पहिल्या खऱ्या प्रेक्षकाची चिठ्ठी वाचून घेते, पुढचा लिफाफा कपाळाशी लावून तोच प्रश्न सांगते, तो फोडताना त्याच्या पुढचा वाचते, आणि असे सदैव एक पाऊल पुढे राहून सरतेशेवटी हस्तकाच्या लिफाफ्याशी येऊन थांबते, जो फोडण्याची गरज नसते तरी लोकांच्या डोळ्यांसाठी फोडावा लागतो. या युक्तीत तोंडी बोलणे आणि हाताखालचा कागद यांच्यामध्ये नेहमी एका माणसाचे अंतर असते. ती एकाला उत्तर देत असते आणि त्याच क्षणी दुसऱ्याचे दुःख वाचीत असते. नाटककाराला याहून अधिक काय हवे?

माझ्या मसुद्यातील बाई हीच युक्ती करते. मी ते नाट्यगृह ब्रिटनच्या समुद्रकाठी, पाण्यात गेलेल्या धक्क्यावरच्या एका जुनाट इमारतीत कल्पिले आहे. आपल्याकडे अंगात येणे हा देवळातला, अंगणातला, श्रद्धेचा व्यवहार आहे, त्याला तिकीट आणि मध्यंतर नाही, आणि त्याला उगाच या साच्यात कोंबणे मला अन्यायाचे वाटले. पहिल्या अंकात तिसऱ्या रांगेतील एक वृद्ध विधवा विचारते, ‘माझे पती अजून माझ्या पाठीशी उभे आहेत का हो?’ बाई म्हणते, ‘पाठीशी कसले उभे? चाळीस वर्षे उभे राहून पाय दुखले त्यांचे. आता बसलेत.’ येथे हशा व्हावा अशी माझी अपेक्षा आहे, परंतु या हशावर प्रवेश संपविला तर तो केवळ उद्धटपणा ठरेल, आणि विधवा हसण्याचा विषय होऊन बसेल. म्हणून पुढचे वाक्य विधवेचे आहे. ती क्षणभर विचार करते आणि म्हणते, ‘बसले असतील तर चहा मागत असतील.’ हा दुसरा हशा तिचा स्वतःचा आहे, त्यावर तिचा हक्क आहे. आणि तो विरतो न विरतो तोच ती कोणाला उद्देशून नव्हे अशा सुरात पुढे बोलते, ‘मी अजून सकाळी दोनच कप काढते.’

या तीन वाक्यांसाठी मला बरेच कागद खर्च करावे लागले आहेत. फटकळ बोलण्याने शोक करणाऱ्याला अपमानित केले तर प्रेक्षक नाटककाराला क्षमा करीत नाहीत, आणि करूही नये. पण त्याच बोलण्याने त्याच्याभोवतीचे सांत्वनाचे कापसाचे थर बाजूला झाले आणि त्याला खूप दिवसांनी आपल्या माणसाविषयी खरे काही बोलता आले, तर त्या कठोरपणाचे ऋण तोच मानतो. शिवाय धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर विधवेने आता दोन कपांची माहिती आपण होऊन दिलेली आहे. लोण्याच्या जिभेचा मिडियम पाच मिनिटांनी ‘मला चहाचा कप दिसतो आहे’ असे म्हणून तिला रडवील. माझी बाई ते म्हणते की नाही, यावर दुसरा अंक उभा आहे.

जादूगार हॅरी हूडिनीच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात मी वारंवार वाचतो. १९२२ च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीच्या हॉटेलात सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने हूडिनीसाठी बैठक केली. तिच्या हातून कागदामागून कागद भरत गेले, आणि हूडिनीच्या १९१३ साली वारलेल्या आईचा प्रेमळ संदेश म्हणून ते त्याला देण्यात आले. हूडिनीचे आईवर विलक्षण प्रेम होते, तो मनापासून आशा धरून त्या खोलीत बसला होता. पण संदेश अस्खलित इंग्रजीत होता, जी भाषा त्याच्या आईला बोलता येत नव्हती, आणि कागदाच्या माथ्यावर क्रूसाचे चिन्ह होते, जे एका ज्यू धर्मगुरूच्या पत्नीने कधी काढले नसते. त्या वेळी हूडिनी काही बोलला नाही. डॉइल यांना वाटले तो गहिवरला आहे. त्यांचा स्वतःचा मुलगा १९१८ साली गेलेला होता, ते आणि त्यांच्या पत्नी फसवणूक करीत नव्हते, मित्राला आपल्याजवळचे सर्वांत मौल्यवान ते देत होते. पुढे हूडिनीने जाहीरपणे खरे सांगितले तेव्हा ती मैत्री तुटली. तीन सज्जन माणसे, एक खोली, आणि भद्रतेमुळे कोणाच्याही तोंडून न निघालेले एक वाक्य: असे चित्र डोळ्यांपुढे आणले की मला वाटते, त्या खोलीत एक फटकळ मनुष्य असता तर काय झाले असते? हाच प्रश्न माझ्या नाटकाचे बीज आहे. शोक हलका करण्यासाठी जमलेल्या सभ्य मंडळीत एक खरे बोलणारा सोडून द्यावा आणि पुढचे टिपून घ्यावे.

अर्थात, बाईला खरोखर काही शक्ती आहे की नाही, हे लेखकाने आधी स्वतःपुरते मुकर्रर केले पाहिजे. ती निव्वळ लबाड असली तर नाटक पोलिसी चौकशीच्या वाटेने जाते. त्यालाही आपली भयाण गंमत आहे: १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल येथे टकटक आवाजांनी मृतांशी संवादाची लाट सुरू करणाऱ्या फॉक्स भगिनींपैकी मॅगी ही ४० वर्षांनंतर, २१ ऑक्टोबर १८८८ रोजी, न्यूयॉर्कच्या अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकच्या रंगमंचावर आली, तिने एका पायातील जोडा काढला, आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा मोडून तोच परलोकीचा आवाज सबंध नाट्यगृहाला ऐकविला. पुढच्या वर्षी तिने हा कबुलीजबाब मागे घेतला, आणि पाचएक वर्षांच्या आत दोघी बहिणी दारिद्र्यात वारल्या. त्यांनी सुरू केलेला पंथ मात्र कबुलीजबाबालाही पुरून उरला. आवाज अंगठ्याचा आहे हे कळल्यानंतरही ज्यांना तो मुलाचा वाटत होता, अशा माणसांविषयी मला लिहावेसे वाटते.

दुसरा प्रसंग कॉवर्डच्या नाटकाशी एका विलक्षण योगायोगाने जोडलेला आहे. १९४४ च्या जानेवारीत पोर्ट्‌समथ येथे हेलन डंकन या मिडियमला अटक झाली आणि लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तिच्यावर १७३५ सालच्या जादूटोणाविषयक कायद्याखाली खटला चालला. ‘बारहम’ ही युद्धनौका २५ नोव्हेंबर १९४१ रोजी बुडाली होती आणि सरकारने ती बातमी सुमारे दोन महिने दाबून ठेवली होती. त्या काळातच डंकनच्या बैठकीत त्या नौकेचा एक मृत खलाशी प्रकट झाला, असे सांगितले जात असे. दुसरीकडे तिच्या मुखातून निघणारे परलोकीचे द्रव्य म्हणजे गिळून ठेवलेले जाळीदार कापड होय, असा निष्कर्ष हॅरी प्राइस या संशोधकाने १९३१ सालीच नोंदवून ठेवला होता. बचावपक्षाच्या वकिलाने, बाई न्यायालयातच बैठक करून दाखवील, असा प्रस्ताव मांडला. ज्यूरीने तो नाकारला आणि तिला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. हे चालले असताना त्याच लंडनमध्ये, डचेस थिएटरात, मादाम आर्कातीची बैठक रोज भरल्या नाट्यगृहात होत होती. एका बाईला हशा आणि टाळ्या, दुसरीला तुरुंग. आणि दोघींसमोर बसलेल्या श्रोत्यांची घरे त्याच युद्धाने रिकामी केलेली. तो जुना कायदा १९५१ साली रद्द होऊन त्या जागी लबाड मिडियमांविषयीचा वेगळा कायदा आला.

माझ्या बाईच्या बाबतीत मी असे ठरविले आहे की, तिचे तिलाही ठाऊक नाही. लिफाफ्यांची युक्ती ती जाणूनबुजून करते, परंतु उत्तरे देताना तिच्या जिभेवर जे येते ते कोठून येते, याचा तिने कधी शोध घेतलेला नाही.

आपल्याकडे मृताचा निरोप आणणारा सर्वांत रोखठोक मध्यस्थ कोण, असे मला कोणी विचारले तर मी कावळ्याचे नाव घेईन. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडलेला असतो, उन्हात मंडळी ताटकळत उभी असतात, कावळा झाडावर बसून राहतो, आणि मग एकेकजण पुढे होऊन हात जोडून गेलेल्या माणसाला शब्द देऊ लागतो: धाकटीचे लग्न आम्ही करू, वाटणीचा वाद मिटवू, म्हातारीला अंतर देणार नाही. कावळा शिवत नाही. कोणी तरी मागून पुटपुटतो, ‘अहो, त्यांना जिलेबी आवडायची’, आणि शोकाने सुन्न झालेल्या त्या घोळक्यात एक हसू फिरून जाते, ज्याची नंतर कोणालाही लाज वाटत नाही. लहानपणापासून असे घाट पाहिलेल्या माणसाला ब्लॅक कॉमेडी परकी का वाटावी? कावळा शिवतो किंवा शिवत नाही. तो ‘कसलाही क्लेश नाही’ असे म्हणत नाही. माझी इंग्रज बाई मी त्या घाटावरूनच उचलली आहे, हे मला दुसरा खर्डा लिहिताना उमगले.

लेखनाच्या कारागिरीविषयी एवढेच सांगतो की, अशा संहितेत विरामांची किंमत वाक्यांइतकीच असते. फटकळ वाक्य तोकडे हवे, त्यातील विशेषणे काढून टाकावीत, आणि त्यानंतर ऐकणाऱ्या पात्राला वेळ द्यावा. तालमीत नट हा वेळ खाऊन टाकतात, हशासाठी घाई करतात. तेथे लेखकाने हजर राहून हट्ट धरावा.

आता शेवट, जो अजून माझ्या हाती पुरता आलेला नाही. बाईची हस्तक म्हणून पाचव्या रांगेत बसणारी एक मध्यमवयीन स्त्री आहे; रोज पहिल्या लिफाफ्याला ‘होय, तो माझाच’ म्हणून उठणे आणि प्रयोगाच्या अखेरीस टाळ्यांना सुरुवात करून देणे हे तिचे काम, आणि त्याबद्दल तिला आठवड्याचा पगार मिळतो. तिच्या लिफाफ्यात गेली अकरा वर्षे कोरा कागद असतो. ज्या रात्री नाटक संपते त्या रात्री सर्व उत्तरे देऊन झाल्यावर बाई सवयीने तो तळाचा लिफाफा फोडते, आणि कागदावर मजकूर असतो: तिच्याच हस्तकाचा, तिच्याच माणसाविषयी, एका ओळीचा खरा प्रश्न. प्रेक्षकांच्या लेखी प्रयोग संपलेला आहे. तो कागद वाचणारी नाट्यगृहात एकटी बाई आहे, आणि जन्मभर जिला शब्द शोधावा लागला नाही तिने आता काय बोलावे? या जागी मी अनेक वाक्ये लिहून खोडली. सध्या मसुद्यात कंसातील सूचना तेवढी शिल्लक आहे: बाई कागदाची घडी घालून तो मुठीत धरते आणि पाचव्या रांगेकडे पाहते, लोक टाळ्यांची वाट पाहतात, आणि टाळ्यांना सुरुवात करून देणारी स्त्री दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहते.